ग्रामीण समाज, मेक्सिकोतील : व्यापार करार व गृहनिर्माण धोरण

उत्तर अमेरिका खंडातील मेक्सिको ह्या देशाच्या ग्रामीण भागात १९९० नंतरच्या तीन दशकांत घडून आलेले स्थित्यंतर दोन शासकीय धोरणांशी निगडित आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा ह्यांच्याबरोबर झालेला उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार (नाफ्टा) हे त्यांपैकी पहिले व पगारदारांना कर्जे देऊन शहरांच्या परिघाबाहेर मोठ्या वसाहती उभारण्याचे गृहनिर्माण धोरण हे दुसरे. पहिल्याने मक्याचा बाजार बदलला, दुसऱ्याने शहरांलगतच्या शेतजमिनीचा उपयोग. ही धोरणे वेगवेगळ्या खात्यांनी आखली व त्यांचे मूल्यमापनही बहुधा वेगवेगळे केले जाते. तथापि दोहोंना वाट करून दिली ती १९९२ मध्ये भूमिविषयक कायद्यात झालेल्या एकाच बदलाने, आणि दोहोंचा भार पडला तो ‘एहीदो’ नावाच्या सामुदायिक जमीनधारणेवर जगणाऱ्या खेड्यांवर.

एहीदो : ह्या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ गावाच्या वेशीबाहेरील सामाईक जमीन असा आहे. मेक्सिकोत राज्यक्रांतीनंतर (१९१०–२०) त्याला निराळा अर्थ प्राप्त झाला. पोर्फीर्यो दीआस ह्याच्या राजवटीत (१८७६–१९११) ‘आस्येंदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या जमीनदाऱ्यांनी खेड्यांच्या जमिनी व पाणी गिळंकृत केले होते. उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या मोरेलोस राज्यातील गावांना ह्याची झळ विशेष लागली. तेथीलच एमील्यानो सापाता (१८७९–१९१९) ह्याने १९११ मध्ये आयाला योजना जाहीर करून गावांच्या जमिनी परत करण्याची मागणी क्रांतीच्या केंद्रस्थानी आणली. ६ जानेवारी १९१५ चा भूमिकायदा आणि १९१७ च्या संविधानातील सत्ताविसावा अनुच्छेद ह्यांनी ती तत्त्वतः मान्य केली. देशातील जमीन व पाणी ह्यांची मूळ मालकी राष्ट्राची ठरली आणि जमीन नसलेल्या गावांना ती मिळवून देण्याचे दायित्व शासनावर आले. प्रत्यक्ष वाटपाला वेग आला तो लासारो कार्देनास ह्याच्या अध्यक्षीय कारकीर्दीत (१९३४–४०). ह्या सहा वर्षांत सु. १८० लाख हेक्टर जमीन वाटण्यात आली. १९९० च्या सुमारास देशात एहीदो व आदिवासी समूहांच्या सामुदायिक धारणा मिळून त्यांची संख्या सु. तीस हजार होती आणि देशाच्या क्षेत्रफळापैकी जवळजवळ निम्मे क्षेत्र त्यांच्याकडे होते.

एहीदोच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : कुटुंबांना कसण्यासाठी नेमून दिलेली शेते, सामाईक राने व कुरणे (महाराष्ट्रातील गायरानाशी ह्यांचे काहीसे साम्य आहे) आणि गावठाण. सभासदांची सभा व तिने निवडलेले मंडळ कारभार पाहते. १९९२ पर्यंत सभासदाला आपले शेत विकता, खंडाने देता किंवा गहाण टाकता येत नसे. सलग दोन वर्षे ते न कसल्यास हक्क जाऊ शके. सभासदाच्या मृत्यूनंतर हक्क एकाच वारसाकडे जाई, शेताचे तुकडे होत नसत. उरलेली भावंडे गावातच राहत, परंतु सभेत त्यांना मत नसे.

ह्या पद्धतीचे गोडवे गावेत अशी तिची स्थिती नव्हती. वाटपात आलेली जमीन बऱ्याच ठिकाणी कोरडवाहू व डोंगराळ होती. गहाण टाकण्यास बंदी असल्यामुळे खाजगी बँका कर्ज देत नसत. शासकीय बँकेचे कर्ज, बी-बियाणे व पाणी मिळवण्यासाठी सत्तारूढ पक्षाशी जुळवून घेणे भाग पडे. खंडाने जमीन देण्याचे व्यवहार बंदी असूनही चालत, फक्त ते कागदावर येत नसत. ह्या बंधनांमुळे एक गोष्ट मात्र साधली होती. शहरात मजुरीला गेलेल्या माणसाला, काम सुटल्यास, परत येण्यासाठी घर व चार एकर रान शिल्लक असे. मेक्सिकोत बेकारीचा विमा कधीच व्यापक नव्हता. त्याचे काम पुष्कळ अंशी एहीदोने केले.

१९९२ ची दुरुस्ती : १९८२ मध्ये मेक्सिको परकीय कर्जाची परतफेड करू शकला नाही. त्यानंतर अनुदाने कमी करणे, सार्वजनिक उद्योग विकणे व आयातीवरील निर्बंध उठवणे असे आर्थिक धोरण त्याने स्वीकारले आणि १९८६ मध्ये तो जकात व व्यापार ह्यांविषयीच्या सर्वसाधारण कराराचा (गॅट) सदस्य झाला. राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालीनास दे गोर्तारी (कार. १९८८–९४) ह्याच्या काळात नाफ्टाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. शेतीत खाजगी व परकीय भांडवल यावयाचे तर जमिनीची मालकी निश्चित व हस्तांतरणीय हवी, ह्या भूमिकेतून सत्ताविसाव्या अनुच्छेदात दुरुस्ती करण्यात आली. ती ६ जानेवारी १९९२ रोजी, म्हणजे १९१५ च्या भूमिकायद्याला बरोबर सत्त्याहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, राजपत्रात प्रसिद्ध झाली.

ह्या दुरुस्तीने नव्या जमिनीच्या वाटपाचे शासनावरील दायित्व संपुष्टात आले. सभासदाला शेत खंडाने देण्याची व एहीदोतीलच इतर रहिवाशांना विकण्याची मुभा मिळाली. सभेने विहित बहुमताने संमती दिल्यास त्याला पूर्ण मालकीही घेता येऊ लागली आणि मग ते शेत कोणालाही विकता येई. सामाईक जमीन भागभांडवल म्हणून कंपनीत गुंतवण्याचाही मार्ग खुला झाला. कुटुंबाचा जमिनीवरील हक्क मात्र ह्यात दुबळा झाला. पूर्वीच्या कायद्यात वारसाहक्कासाठी पत्नी व मुले ह्यांना अग्रक्रम होता, नव्या कायद्यात सभासदाला वाटेल त्याची वारस म्हणून नोंद करता येऊ लागली. शेत विकायचे झाल्यास पत्नीला व मुलांना ते प्रथम विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे, परंतु तो तीस दिवसांत बजावावा लागतो आणि अर्थातच हाती पैसा असेल तरच.

जमिनींची मोजणी करून दाखले देण्याचा कार्यक्रम १९९३ ते २००६ ह्या काळात राबवण्यात आला व नव्वद टक्क्यांहून अधिक एहीदोंनी तो स्वीकारला. पुढे जे घडले ते दुरुस्तीच्या पुरस्कर्त्यांना वा विरोधकांना, कोणालाच अपेक्षित नव्हते. पूर्ण मालकी फारच थोड्या जमिनीची घेतली गेली. दूरच्या, पावसावर अवलंबून असलेल्या खेड्यांत भांडवल आले नाही व जमिनीही विकल्या गेल्या नाहीत. विक्री झाली ती मुख्यतः शहरांच्या कडेला, आणि तीही शेतीसाठी नव्हे, घरांसाठी.

मका व व्यापार करार : मका हे मेक्सिकोचे केवळ पीक नाही. सु. नऊ हजार वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात रानटी गवतापासून तो प्रथम लागवडीस आणला गेला (→ मका). चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याची तोर्तीया ही पातळ भाकरी हे तेथील रोजचे अन्न होय. मका, घेवडा व भोपळा एकाच शेतात घेण्याच्या पद्धतीस ‘मिल्पा’ म्हणतात. कराराच्या वेळी सु. तीस लाख शेतकरी मका पिकवीत, त्यांतील बहुसंख्यांकडे पाच हेक्टरांहून कमी जमीन होती. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी दोन टनांच्या आसपास उत्पादन येई. संयुक्त संस्थानांत ते सरासरी आठ टनांच्या घरात होते व तेथील शेतकऱ्यास शासकीय साहाय्यही भरघोस मिळे. कोनासुपो ही शासकीय संस्था हमी भावाने मका खरेदी करी व त्याच मक्यापासून शहरी गरिबांना स्वस्त तोर्तीया पुरवी. आयात परवान्यावाचून होत नसे.

नाफ्टा १ जानेवारी १९९४ पासून अंमलात आला. मका हा वाटाघाटींतील अवघड विषय असल्यामुळे त्यासाठी पंधरा वर्षांची मुदत ठेवण्यात आली होती. पहिल्या वर्षी संयुक्त संस्थानांतून २५ लाख टन मका जकातीशिवाय आणता येणार होता व हा कोटा दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढणार होता. कोट्यापलीकडील आयातीवर प्रारंभी २१५ टक्के जकात होती. ती कमी होत होत २००८ मध्ये शून्यावर यावयाची होती. ह्या अवधीत शेतकऱ्याने अन्य पिकांकडे वळावे किंवा अन्य रोजगार शोधावा, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात हा अवधी त्याला मिळालाच नाही. मेक्सिकोच्या शासनाने कोट्याहून अधिक आयातीस जवळजवळ प्रत्येक वर्षी परवानगी दिली व त्यावरील ठरलेली जकात बहुधा वसूल केली नाही. दुष्काळी १९९६ साली आयात कोट्याच्या दुपटीहून अधिक झाली. डिसेंबर १९९४ मध्ये पेसोचे मूल्य कोसळल्यावर महागाई आवरणे आवश्यक आहे, पशुखाद्य व पिष्ट ह्यांच्या उद्योगांना स्वस्त मका हवा आहे, अशी कारणे ह्यासाठी देण्यात आली. मेक्सिकोच्या खेड्यांवरील आघाताचा सर्व दोष करारालाच देण्याची रीत आहे, पण ती पूर्णतः बरोबर नाही. कराराच्या मजकुरात जे संरक्षण होते तेही त्यांच्याच शासनाने वापरले नाही.

मक्याची खरी किंमत, म्हणजे महागाई वजा जाता उरणारी, १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत निम्म्याहून अधिक घसरली. कोनासुपो १९९९ मध्ये बंद करण्यात आली व तोर्तीयावरील अनुदानही त्याच वर्षी संपले. शेतकऱ्याचा मका स्वस्त होत असता ग्राहकाची तोर्तीया मात्र महागली, कारण किमतींवरील नियंत्रण उठले होते आणि मक्याच्या पिठाचा धंदा मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटला होता. जानेवारी २००७ मध्ये जागतिक मका महागताच तोर्तीयाच्या दरवाढीविरुद्ध राजधानीत प्रचंड मोर्चे निघाले. नुकसानभरपाई म्हणून ‘प्रोकाम्पो’ ही योजना होती. तिच्यात पूर्वी ठराविक नऊ पिकांखाली असलेल्या जमिनीस हेक्टरी रोख रक्कम मिळे. बाजारात काहीच न विकणाऱ्या लहान शेतकऱ्यालाही ती मिळत असल्याने तिचा उपयोग झाला, मात्र हेक्टराच्या हिशेबामुळे मोठ्या धारकाकडे अधिक पैसा गेला.

आयात वाढली म्हणून मक्याचे देशी उत्पादन घटले, असे झाले नाही. १९९० च्या सुमारास दीड कोटी टनांच्या आत असलेले उत्पादन २००७ पर्यंत सु. २·३ कोटी टनांवर गेले. ह्यातील मोठा वाटा सीनालोआसारख्या राज्यांतील बागायती शेतीचा होता. आयात होणारा मका मुख्यतः पिवळा व जनावरांच्या खाद्यासाठीचा असतो, माणसांच्या आहारातला पांढरा मका देशातच पिकतो. डोंगराळ भागातील लहान शेतकऱ्यांनीही मका सोडला नाही. घरच्या तोर्तीयाची चव, पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बियाणे आणि धान्याच्या कणगीने मिळणारी निश्चिंती ह्यांचा हिशेब बाजारभावात होत नाही. मका परवडत नव्हता, तरी पेरला जात होता. पेरणीचा खर्च मात्र आता शेताबाहेरून येऊ लागला. शेतीवरील रोजगार १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत सु. ८१ लाख होता, तो २००२ च्या अखेरीस सु. ६८ लाखांवर आला.

कराराचा लाभ झालेलेही ग्रामीण भाग आहेत. सीनालोआतील टोमॅटो व भाजीपाला, तसेच मीचोआकान राज्यातील आवोकादो ह्यांना उत्तरेकडील बाजारपेठ मिळाली. आवोकादोवरील संयुक्त संस्थानांची बंदी १९१४ पासून होती. ती १९९७ मध्ये अंशतः व २००७ पर्यंत जवळजवळ पूर्णपणे उठली. त्यातून बागायतदार सधन झाले व बागांमध्ये मजुरी वाढली. पाइन वृक्षांची राने तुटली व खंडणीखोर टोळ्यांची नजर बागांकडे वळली, हेही त्याबरोबर आले. दक्षिणेतील च्यापास, वाहाका व गेरेरो ही गरीब राज्ये ह्या लाभापासून बव्हंशी दूर राहिली. च्यापासमध्ये करार अंमलात आला त्याच पहाटे सापातिस्ता सेनेने उठाव केला. भूमिवाटप थांबवणारी १९९२ ची दुरुस्ती हे त्यांच्या तक्रारींपैकी एक प्रमुख कारण होते.

स्थलांतर व पैशाची घरे : संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या मेक्सिकोत जन्मलेल्या लोकांची संख्या १९९० मध्ये सु. ४३ लाख होती, ती २००० मध्ये सु. ९२ लाख व २००७ मध्ये सव्वा कोटींच्या वर गेली. ही सर्व वाढ कराराची म्हणता येत नाही. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने वीस लाखांहून अधिक मेक्सिकनांना अधिकृत वास्तव्य मिळाले व त्यांच्यामागे कुटुंबे गेली, १९९५ च्या आर्थिक संकटाने शहरांतील कामेही गेली. मात्र जकातीच्या भिंती उतरत असताना माणसांसाठीची भिंत उंच होत होती, ही गोष्ट ग्रामीण जीवनाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. १९९३ पासून एल पासो व १९९४ पासून सॅन डिएगो येथील सीमेवर पहारा कडक झाला. तोपर्यंत पुष्कळ शेतमजूर हंगामापुरते जात व पेरणीला परतत. ओलांडणे महाग व धोक्याचे झाल्यावर गेलेले लोक तेथेच राहू लागले.

ते परतले नाहीत, त्यांचा पैसा परतला. २००७ मध्ये मेक्सिकोत येणाऱ्या अशा रकमा सु. २६ अब्ज डॉलर होत्या, २०२३ मध्ये ६० अब्ज डॉलरांहून अधिक. हालीस्को, साकातेकास, मीचोआकान व वाहाका ह्या राज्यांतील गावांत ह्या पैशाची सर्वांत ठळक खूण म्हणजे घरे. कच्च्या विटांच्या, कौलारू घरांच्या जागी सिमेंटची दुमजली घरे उभी राहिली. पुढचा मजला पैसे येतील तेव्हा चढवावयाचा, म्हणून गच्चीवर लोखंडी सळ्या तशाच ठेवलेल्या असतात. बांधकाम दहा-दहा वर्षे चालते, मालक दूरध्वनीवरून सूचना देतो व देखरेख आई किंवा बहीण करते. दर्शनी भाग बहुधा मालकाने उत्तरेत पाहिलेल्या घरासारखा असतो. अशी अनेक घरे बंद असतात आणि ग्रामदेवतेच्या उत्सवात पंधरा दिवस उघडतात. सीमा ओलांडण्याची कागदपत्रे नसलेल्यांची तेव्हाही उघडत नाहीत. परदेशस्थ ग्रामस्थांच्या मंडळांनी दिलेल्या प्रत्येक पेसोमागे संघराज्य, राज्य व नगरपालिका ह्यांनी एकेक पेसो घालण्याची योजना साकातेकासमध्ये सुरू होऊन २००२ पासून देशभर लागू झाली होती. तिच्यातून रस्ते, पाणीपुरवठा व चर्चच्या दुरुस्त्या पार पडल्या. शासनाने करावयाच्या कामाची वर्गणी परदेशातील मजुरांकडून घेण्याचाच हा प्रकार, अशी टीकाही तिच्यावर झाली.

गृहनिर्माण धोरण : मेक्सिकोत कामगारांच्या घरांसाठी ‘इन्फोनावित’ हा राष्ट्रीय निधी १९७२ मध्ये स्थापन झाला. मालकांनी वेतनाच्या पाच टक्के रक्कम त्यात भरावयाची असते. पहिली वीस वर्षे हा निधी स्वतः वसाहती बांधून घेई. १९९२ मध्ये, ज्या वर्षी भूमिकायदा बदलला त्याच वर्षी, त्याचे स्वरूप बदलून तो प्रामुख्याने कर्ज देणारी संस्था झाला. जागेची निवड व बांधकाम खाजगी कंपन्यांकडे गेले. नाफ्टाच्या वित्तसेवाविषयक तरतुदींना अनुसरून मर्यादित उद्देशाच्या कर्जसंस्थांनाही परवाने मिळाले आणि १९९५ नंतर बँका हात आखडून असता गृहकर्जाचा बराच व्यवहार त्यांनी चालवला. २००० नंतरच्या दोन्ही शासनांनी घरांची संख्या हेच यशाचे माप मानले. २००८ मध्ये इन्फोनावितने पाच लाखांच्या जवळपास कर्जे दिली. मोठ्या बांधकाम कंपन्यांत परकीय गुंतवणूक आली, एका कंपनीचे समभाग तर २००४ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जात होते.

कर्जाची रक्कम ठरलेली, घराची किंमतही त्यामुळे ठरलेली. अशा स्थितीत कंपनीचा नफा वाढतो तो जमिनीची किंमत कमी केल्याने. स्वस्त जमीन शहरापासून दूर असते आणि मेक्सिकोत ती बव्हंशी एहीदोची होती. सुम्पांगो, वेवेतोका, तेकामाक ही राजधानीच्या उत्तरेकडील आणि त्लाहोमुल्को हे ग्वादालाहाराजवळील क्षेत्र, तसेच तिहुआना व स्यूदाद ह्वारेस ह्या सीमेवरील शहरांचे बाह्य भाग येथे मक्याच्या शेतांत हजारो एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. मक्याचे भाव पडलेले असल्याने शेत विकण्यास सभासद राजी होता. तो जमीन हेक्टरावर विकी, कंपनी तीच चौ. मीटरवर विकी. दोन दरांतील तफावतीतून गावाच्या वाट्याला काही येत नसे. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पण सभासद नसलेल्या कुटुंबांना तर विक्रीचा पैसाही मिळाला नाही. १९८३ च्या संविधानदुरुस्तीने भूवापर ठरवण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला होता. तथापि कालपर्यंत शेतसारा व गुरांच्या बाजारापलीकडे ज्यांचा कारभार नव्हता, अशा पालिकांजवळ दहा-वीस हजार घरांचा नकाशा तपासणारा एक अभियंताही नसे. पाणी, सांडपाणी, कचरा व शाळा ह्यांची जबाबदारी कंपनी व पालिका ह्यांच्यामध्ये लोंबकळत राहिली.

घर घेणाऱ्यांचे हालही कमी नव्हते. चाळीस चौ. मी.च्या आसपासचे घर, कामासाठी दररोज दोन-दोन तासांचा प्रवास, आणि वेतनातून परस्पर कापला जाणारा हप्ता. कर्जाची थकबाकी किमान वेतनाच्या पटीत मोजली जाई, त्यामुळे वेतनदर वाढला की कर्जही वाढे व वर्षानुवर्षे फेडूनही आकडा उतरत नसे. २००८–०९ च्या मंदीत सीमेवरील कारखान्यांतून कामगार कमी झाले, स्यूदाद ह्वारेसमध्ये त्याच सुमारास टोळीयुद्धे भडकली. लोकांनी घरे सोडली. दारे, खिडक्या व तारा चोरीस गेल्या. २०१० च्या जनगणनेत देशातील सु. ३·५६ कोटी घरांपैकी जवळजवळ ५० लाख, म्हणजे दर सात घरांमागे एक, निर्जन आढळले. एकट्या ह्वारेस पालिकेत अशी घरे एक लाखाहून अधिक होती. २०१३ मध्ये आघाडीच्या तीन बांधकाम कंपन्या आर्थिक दृष्ट्या कोसळल्या व त्याच वर्षी अनुदान शहराच्या ठराविक वर्तुळातील घरांपुरते मर्यादित करण्यात आले. जनगणनेच्या आकड्यात स्थलांतरितांची गावाकडील बंद घरेही मोडतात. त्यामुळे ‘निर्जन घर’ ह्या एका सदरात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात : एक, जेथे मालकाला राहावयाचे होते पण राहणे परवडले नाही ते, आणि दुसरे, जे परवडावे म्हणून मालकाला दूर राहावे लागले ते.

प्रत्यक्ष खेड्यांतील घरांसाठी शासनाने काय केले, ह्याचे उत्तर थोडक्यात देता येते. इन्फोनावितचे कर्ज नोंदणीकृत पगारदारांनाच मिळे, म्हणून शेतकरी व शेतमजूर त्यातून आपोआप वगळले गेले. १९८१ मध्ये गरिबांसाठी स्थापन झालेल्या निधीजवळ त्या मानाने फार थोडा पैसा होता. खेड्यांतील बहुतेक घरे लोकांनी स्वतःच बांधली आहेत. एक लहानसा कार्यक्रम मात्र उल्लेखनीय ठरला. मातीची जमीन असलेल्या घरांत सिमेंटची जमीन घालून देण्याची योजना कोआवीला राज्यात २००० मध्ये सुरू झाली व पुढे देशभर नेण्यात आली. मुलांच्या पोटातील जंत, अतिसार व रक्तक्षय कमी झाल्याचे तेथील पाहणीत दिसून आले. मातीची जमीन असलेल्या घरांचे देशातील प्रमाण २००० मध्ये सु. १३ टक्के होते, ते २०१० मध्ये सु. ६ टक्क्यांवर आले. पाच-पन्नास पोती सिमेंटने जे साधले, ते लाखो रिकाम्या घरांनी साधले नाही.

२०२० नंतर : नाफ्टाची जागा १ जुलै २०२० रोजी नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली. मक्याच्या जकातमुक्त आयातीत त्यामुळे फरक पडला नाही व ही आयात २०२४ मध्ये दोन कोटी टनांच्या पुढे गेली. तोर्तीयासाठी जनुकीय बदल केलेला मका वापरण्यास मेक्सिकोने फेब्रुवारी २०२३ मध्ये बंदी घातली. डिसेंबर २०२४ मध्ये करारांतर्गत लवादाने ती कराराशी विसंगत ठरवली व मेक्सिकोला ती मागे घ्यावी लागली. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये अशा मक्याची देशात लागवड करण्यास संविधानातच मनाई करण्यात आली. आयात केलेल्या मक्याला ही मनाई लागू होत नाही. २०२५ मध्येच इन्फोनावितला पुन्हा स्वतः घरे बांधण्याचा अधिकार देण्यात आला. २०२० च्या जनगणनेत निर्जन घरांची संख्या सु. ६१ लाख होती व एकूण घरांतील त्यांचे प्रमाण दहा वर्षांपूर्वीइतकेच राहिले होते.

देशाच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रफळावर अद्यापि एहीदो व सामुदायिक धारणाच आहेत. सभासदांतील पुष्कळजण वृद्ध आहेत. स्त्री-सभासदांचे प्रमाण वाढून सु. एकचतुर्थांश झाले आहे. त्यांतील अनेकींना हा हक्क वैधव्यामुळे मिळालेला असतो. पती परदेशी असेल, तर शेत व घर सांभाळूनही सभेत मत देण्याचा अधिकार पत्नीला आपोआप मिळत नाही. महत्त्वाच्या ठरावांसाठी लागणारी गणसंख्या सभासदांच्या नोंदवहीवरून मोजली जाते. त्यामुळे स्थलांतर जास्त असलेल्या गावांत सभा भरवणे कठीण होते. शेत ज्याच्या नावे आहे तो सभासद, ते कसणारा आणि बियाण्यासाठी पैसे पाठवणारा ह्या आता तीन निरनिराळ्या व्यक्ती असणे ही मेक्सिकोच्या पुष्कळ खेड्यांतील नेहमीची गोष्ट आहे.